सहा तासांच्या आत

आजी गेली पहाटे चार चाळीसला. वेळ मिनिटासकट सांगता येते, कारण तसं तिनेच बजावून ठेवलं होतं. "मी गेले की आधी घड्याळ बघ. रडायला पुढे दिवस पडलेत," हे वाक्य गेली सात वर्षं आमच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात अधूनमधून कानावर पडायचं, शेंगा सोलताना, भाजी निवडताना, भलत्याच विषयावर बोलता बोलता. मी "पुरे गं आजी" म्हणायचे. मग ती उठून ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडायची आणि आतल्या बाजूला बोट दाखवायची. तिथे काळ्या स्केचपेनने दोन फोन नंबर लिहिलेले होते. एकाखाली ‘डोळे’, दुसऱ्याखाली ‘कातडी’. अक्षर तिचंच, चौथीपर्यंत शिकलेलं, मोठं आणि उजवीकडे वर चढत जाणारं.

नेत्रदान बहुतेकांना माहीत असतं. त्वचादान म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो, आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे नेमकं काय करतात?" गेलं वर्षभर हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की त्या सकाळी काय काय झालं ते एकदा सगळं लिहावं असं वाटलं. आणि आजी कोण होती तेही लिहायला हवं. ते सांगितल्याशिवाय तिने हे का केलं ते कळणार नाही.

ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. निदान कागदावर तरी. वाडा तालुक्यातल्या तिच्या गावी शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून १९४० अशी तारीख लिहिली, जशी त्या काळी कितीतरी मुलांची लिहिली जायची. तिची आई सांगायची, भात कापणीला आला होता तेव्हा तू झालीस. त्यामुळे आजी आपला वाढदिवस दसऱ्यानंतर कधीतरी, मनाला येईल त्या दिवशी मानायची आणि सगळ्यांना पातोळ्या खायला घालायची.

शेवटी हृदय थकलं होतं. तीन आठवडे ती अंथरुणाला खिळली होती, आणि तपासायला आलेल्या डॉक्टरांनी "आता घरीच राहू द्या" असं सांगितलं होतं. त्या पहाटे बाबा उशाशी बसले होते. तिचा श्वास दोनदा लांबला, मग आलाच नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मला माझीच भीती वाटली, की आपल्याला रडू कसं येत नाही.

पुढचं सगळं पाठ होतं. पंखा बंद केला. पापण्या मिटवल्या आणि त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले. डोक्याखाली दुसरी उशी सरकवली. मग नवरा, बाबा आणि मी, तिघांनी मिळून चादरीसकट तिला माझ्या खोलीत आणलं, कारण एसी तिथे होता. ती फार हलकी झाली होती.

ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरचा, म्हणजे भाजलेल्यांच्या दवाखान्यातल्या त्वचापेढीचा, फोन दुसऱ्या रिंगला उचलला. पलीकडच्या माणसाने आधी "वाईट वाटलं ऐकून" म्हटलं, मग भराभर विचारायला सुरुवात केली. वय किती, कधी गेल्या, कशाने गेल्या. बी किंवा सी प्रकारची कावीळ होती का, एचआयव्ही, त्वचेचा कर्करोग, अंगावर जखमा, रक्तात जंतुसंसर्ग. चौऱ्याऐंशी म्हणताना मी अडखळले. "चालतं ताई. अठराच्या पुढे वयाला वरची मर्यादा नाही." मग तो म्हणाला, "सहा तासांच्या आत व्हायला हवं. आम्ही निघायची तयारी करतो. पण मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागेल. तो हातात आल्याशिवाय आम्हाला सुरुवात करता येत नाही."

दहा चाळीसपर्यंत वेळ होता.

दाखल्याने दोन तास खाल्ले. आमचे नेहमीचे डॉक्टर लग्नाला गावी गेले होते, फोन लागेना. गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना नवऱ्याने झोपेतून उठवून आणलं. त्यांनी तपासलं, गेल्या आहेत म्हणाले, पण ज्यांना आपण कधी तपासलंच नाही त्यांच्या मृत्यूचं कारण कसं लिहून देऊ, असं म्हणून नकार दिला. त्यांचं बरोबर होतं. चुकलं माझं. घरात इतकं आजारी माणूस असताना, काही झालं तर दाखला कोण देणार हे मी आधीच विचारून ठेवायला हवं होतं. दोन्ही पेढ्यांचे नंबर कपाटात होते, अर्जाच्या प्रती फाईलमध्ये होत्या, आणि हे एक राहिलं. ज्यांच्या घरी असा अर्ज भरलेला आहे त्यांना माझं हेच सांगणं आहे, की त्या नंबरांच्या खाली डॉक्टरांचं नाव लिहा, आणि ते गावाला गेले तर दुसरं कोण तेही लिहा.

तीन आठवड्यांपूर्वी घरी येऊन तपासून गेलेल्या डॉक्टरीणबाई पाचपाखाडीत राहतात हे शेवटी आईला आठवलं. नवरा त्यांना आणायला गेला आणि मी आजीजवळ बसले.

गार खोलीत तिचे हात बघत बसले होते. डाव्या हातावर मनगटाच्या वर हिरवट गोंदण, तुळशीवृंदावनाचं. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे चटके, जुने, पांढुरके झालेले, एकाखाली एक. लहानपणी मी ते मोजायचे. दर वेळी आकडा वेगळा यायचा.

१९५९ साली ती लग्न होऊन ठाण्याला आली, चरईतल्या चाळीत. दहा बिऱ्हाडांना एक नळ. आजोबा लेथवर काम करायचे. पुढे वागळे इस्टेट उभी राहिली तेव्हा तिथल्या एका कारखान्यात लागले. चार मुलं आणि एक पगार. बाबा पहिलीत असताना तिने डबे सुरू केले. आधी आजोबांच्या खात्यातल्या तिघांचे, मग वाढत वाढत बत्तीस. पहाटे साडेतीनला उठायचं, चार पोळ्या, एक भाजी, आमटी, भात. तांदूळ माहेरचा, वाडा कोलम. दिवाळीनंतर मामा एसटीच्या टपावर गोण्या टाकून घेऊन यायचा. भाजीसाठी ती संध्याकाळी उशिरा जांभळी नाक्याला जायची, बाजार उठायच्या वेळी, तेव्हा भाव उतरलेला असतो. हिशोबाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे रोज एक उभी रेघ. कारखाने बंद पडायला लागले त्या वर्षांतल्या वह्या मी पाहिल्या आहेत. काही नावांपुढे महिनोन् महिने रेघा आहेत आणि पैशाच्या रकान्यात काहीच नाही. त्यांचे डबे तिने बंद केले नाहीत. बाबा सांगतात, त्यातला एक जण अकरा वर्षांनी येऊन सगळे पैसे देऊन गेला. तिने ते मोजून घेतले, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात तेवढ्याच रकमेचं भांडं दिलं.

डब्यांखेरीज ती ओळखली जायची बाळंतपणांसाठी. तिन्ही मुली, भाच्या, पुतण्या, चाळीतल्या सुना. कुणाचे दिवस भरत आले की तिची एक निळी कापडी पिशवी भरायला लागायची: दोन साड्या, आळीव, डिंक, ओवा, जायफळ, धुरीसाठी शेगडीत टाकायची शेपा. सव्वा महिना राहायची. त्या दिवसांत डबे शेजारच्या काकू सांभाळायच्या. बाळाला न्हाऊमाखू घालायची, आईच्या पायांना तेल लावायची, तिला झोपवून स्वतः रात्रभर बाळ मांडीवर घेऊन बसायची. आणि सव्वा महिना पुरा झाला की सकाळी बाळाला काजळ लावून पिशवी उचलायची. "आता तुझं तू कर. तुला येतंय सगळं." कितीही गयावया केली तरी एक दिवस जास्त राहायची नाही. माझ्या वेळी मी दारात रडले होते. तिने वळूनही पाहिलं नाही, आणि जिन्यातून उतरताना ती डोळे पुसत होती हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं.

डॉक्टरीणबाई आल्या. फाईल वाचली, आजीला नीट तपासलं, दाखला लिहून दिला. सात दहा.

मी ऐरोलीला फोन केला. डोळ्यांचे लोक तोवर येऊन थांबलेच होते, ठाण्यातल्याच नेत्रपेढीचे दोघे जण. वीस मिनिटांत त्यांचं काम झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळेही चालतात, कारण घेतात तो समोरचा पारदर्शक पडदा, बुबुळावरचा. पापण्या होत्या तशाच मिटलेल्या. तिच्या चेहऱ्यात काहीही फरक दिसत नव्हता.

पावणेआठला कल्याणहून मोठी आत्या आली. तोवर चुलतकाकाही आले होते, आणि "देह अग्नीला अख्खा द्यायचा असतो" असं म्हणून झालं होतं. बाबांनी त्यांना आजीची सही दाखवली. एवढ्यावर ते थांबले, वाद झाला नाही. पण आत्या आजीजवळ बसली, तिच्या पायांवरून हात फिरवत राहिली, आणि मग मला म्हणाली, "नको गं. तिला दुखेल."

यावर काय बोलणार? आत्या साठ वर्षांची आहे, बँकेतून निवृत्त झालेली आहे. तिला सगळं कळत होतं. आणि आजीने हे का ठरवलं ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

१९७४ चा पावसाळा. आत्या दहा वर्षांची. चाळीत पलीकडच्या खोलीत नवी सून आलेली, लग्नाला आठ महिने झालेले. पंपाचा स्टोव्ह तुंबला होता. तिने पिन मारली, हवा भरली आणि भडका उडाला. अंगावर नायलॉनची साडी. त्या साड्यांची तेव्हा फार हौस, धुवायला सोप्या, पावसाळ्यातही लगेच वाळणाऱ्या. नायलॉन पेटलं की वितळतं आणि अंगाला चिकटतं. आजी पोळ्या लाटत होती. ती लाटणं टाकून धावली, खाटेवरची गोधडी ओढून त्या मुलीभोवती गुंडाळली आणि तिला कवेत घेऊन जमिनीवर आडवी झाली. नळावरून पाण्याची बादली आणली ती आत्याने. आजीचे दोन्ही तळवे भाजले होते, तरी दुसऱ्या दिवशी बत्तीस डबे गेले.

ती मुलगी सरकारी दवाखान्यात नऊ दिवस जगली. डबे गेले की आजी रोज शहाळ्याचं पाणी घेऊन जायची. वरून कापड अंगाला लागू नये म्हणून तिच्या खाटेवर लोखंडी कमान ठेवून तिच्यावरून चादर टाकलेली असायची. नुसता वारा लागला तरी ती ओरडायची. आजीने तिथल्या डॉक्टरांना विचारलं, हिच्या अंगावर कातडी लावता येणार नाही का? ते म्हणाले, हिचीच काढून लावावी लागते, आणि हिच्या अंगावर काढण्यासारखी उरलेली नाही. आजीने आपला दंड पुढे केला आणि म्हणाली, माझी घ्या. हे आत्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय, कारण त्या दिवशी ती शहाळं धरून मागे उभी होती.

तशी सोय तिथे नव्हती. त्यानंतर आमच्या घरात ओट्याशी नायलॉनची साडी नेसून कुणी उभं राहिलं नाही. गॅस आल्यावरही नाही, अजूनही नाही.

२०१८ च्या संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू होतं. (विधवांनाही कुंकू लावून बसवायचं, हे आजीनेच भांडून सुरू केलेलं.) त्या दिवशी ऐरोलीच्या केंद्रातून एक बाई त्वचादानाची माहिती द्यायला आल्या होत्या. मोठ्या भाजण्यात अंगावरचं पांघरूणच जातं, शरीरातलं पाणी निसटत राहतं आणि जंतूंना वाट मोकळी होते. मेलेल्या माणसाची त्वचा तिथे लावली तर ती वेळ निभावते, आणि त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. आजी मध्येच उभी राहिली. "म्हातारीची चालते?" पुढच्या सोमवारी मी तिला रिक्षाने ऐरोलीला घेऊन गेले. परत येताना ती विटाव्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं लागली गं."

आठ पन्नासला केंद्राची माणसं आली. कळव्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. एक डॉक्टर आणि दोन सहकारी, हातात दोन मोठ्या बॅगा. डॉक्टरांनी आधी दाखला वाचला, मग एक अर्ज बाबांच्या पुढे ठेवला. बाबांची सही, खाली दोन साक्षीदारांच्या. मी विचारलं, "हातावरचं गोंदण?" डॉक्टर म्हणाल्या, "हाताला आणि चेहऱ्याला आम्ही हात लावत नाही. मांड्या, पाय आणि पाठ, तेवढंच. वरचा पातळ पापुद्रा निघतो, रक्त येत नाही." त्यांना दार बंद होणारी खोली, विजेचा पॉइंट आणि हात धुवायला जागा हवी होती. बाकी सगळं त्यांच्याकडे होतं.

आत्या अजून आजीजवळ होती, तिच्या पायांवर हात ठेवून. दोघींमधली एक सिस्टर खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, आम्ही हळू करू. पाठ घेताना दोघी धरून वळवू, एकदम नाही वळवत." आत्याने तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग उठली आणि बाहेर आली.

दार लागलं. आतून यंत्राची घरघर यायची, थांबायची, पुन्हा यायची. आम्ही बाहेर बसलो होतो, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. पण थोड्या वेळाने आत्या स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. काकांनी मान वर केली. ती म्हणाली, "पहाटेपासून निघालेत ते लोक. आईने त्यांना असं पाठवलं असतं?" काका काही बोलले नाहीत. मीच जाऊन कपबश्या काढल्या.

पंचावन्न मिनिटांनी दार उघडलं. तिचे पाय घोट्यापासून वरपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांमध्ये गुंडाळले होते. प्रत्येक वेढा सारखा, कुठे सुरकुती नाही, बाळाला दुपट्यात बांधावं तितकं नेटकं. पाठीलाही तसंच. साडी पुन्हा नीट पांघरलेली. तपासणीसाठी रक्ताचा थोडा नमुना घेतला होता, तो आणि एक झाकणाचा डबा बॅगेत गेला. निघण्याआधी तिघांनीही चपला काढून आजीच्या पायांशी वाकून नमस्कार केला. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. दहा वाजायला पाच मिनिटं होती.

त्यानंतर मला रडू आलं.

आत्याने आणि आईने तिला ओल्या फडक्याने पुसून काढलं, पट्ट्या भिजणार नाहीत अशा बेताने, आणि तिची आवडती मोरपिशी सुती साडी नेसवली. साडेबाराला जवाहर बागेत नेलं. तिथली पावती, मग महापालिकेचा दाखला, ते सगळं इतरांच्या घरी होतं तसंच झालं. दानामुळे त्यात काहीच अडलं नाही.

पंधरवड्याने केंद्राचं आभाराचं पत्र आलं. त्वचा कुणाला लावतात ते कळवत नाहीत. मी फोन करून एवढंच विचारलं, की पुढे काय होतं तिचं? त्यांनी समजावून सांगितलं. रक्ताच्या तपासण्या होतात, त्वचेवर काही आठवडे प्रक्रिया चालते, मग ती ग्लिसरॉलमध्ये घालून चार ते आठ अंश सेल्सिअसला ठेवतात. पाच वर्षांपर्यंत टिकते. बाबांनी ते पत्र हिशोबाच्या वह्यांबरोबर कपाटात ठेवलं.

या फेब्रुवारीत वर्षश्राद्ध झालं. पानं वाढायची होती, आत्या आणि मी स्वयंपाकघरात होतो. भात तिच्या माहेरच्याच तांदळाचा. आत्याने वाटीने मूद पाडता पाडता विचारलं, "आतापर्यंत लावली असेल का गं कुणाला?"

"असेल. नसेल तर लागेल."

"मग ती आता त्यांच्याच अंगावर कायमची?"

मी म्हटलं, नाही आत्या. ती कायमची राहत नाही. तीन-चार आठवडे धरून ठेवते, तोवर त्या माणसाची स्वतःची त्वचा यायला लागते, किंवा त्याचीच थोडी घेऊन लावता येईल इतका तो सावरतो. मग ही आपोआप सुटून जाते.

आत्याचा हात वाटीवर थांबला. "म्हणजे सव्वा महिना," ती म्हणाली. मग पदराने डोळे टिपले आणि पुढचं पान ओढलं. "बाळंतपणाला गेल्यासारखी गेली बघ. काम झालं की पिशवी उचलून निघेल."